विश्लेषण : ऐंशीतल्या रॉकस्टारची मुलाखत किती खरी? परभणीच्या संबळवादकाशी तिचा संबंध काय?

नवा अल्बम, नवा दौरा किंवा नवा चरित्रपट आला, की सत्तरी-ऐंशी गाठलेले रॉकस्टार एकाएकी बोलके होतात. लहानपण, व्यसने, भांडणे, पश्चात्ताप सगळे बाहेर येते. आपण मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची रील पाहतो आणि म्हणतो, ‘किती मोकळा माणूस!’ हा मोकळेपणा किती खरा आणि किती बेतलेला? प्रश्न लंडन-न्यूयॉर्कचा वाटतो. पण हंसा वाडकर, विठाबाई नारायणगावकर यांच्यापासून परभणी जिल्ह्यातल्या वयोवृद्ध लोककलावंतांपर्यंत तो आपलाही आहे. आणि आपल्याकडे त्यात प्रतिमेसोबत कधी कधी महिन्याचे मानधनही अडकलेले असते.

निमित्त कसे घडते?

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. ६ सप्टेंबर २०२३ रोजी ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडने लंडनच्या हॅकनी एम्पायर या नाट्यगृहात नव्या अल्बमची घोषणा केली. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा हा १८ वर्षांतला पहिला अल्बम. मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचे होते, कीथ रिचर्ड्स ७९ वर्षांचे. कार्यक्रम यूट्यूबवरून जगभर थेट दाखवला गेला. प्रश्न विचारायला होते अमेरिकी टीव्हीवरचे विनोदी सूत्रसंचालक जिमी फॅलन.

यात गैर काही नाही. मात्र ही मांडणी काय सांगते ते पाहावे. स्थळ कलावंतांनी निवडलेले, वेळ अल्बमच्या आधीची, प्रश्नकर्ता हसतखेळत बोलणारा. जे दिसले ते मुलाखतीसारखे होते, पण त्याचे काम जाहिरातीचे होते. दोन्हींमधली रेघ अशीच पुसट होत जाते.

हॉटेलच्या खोलीत बसून एकामागून एक पत्रकारांना पंधरा-पंधरा मिनिटे देणे, शेजारी प्रसिद्धी अधिकारी बसलेला असणे, ‘त्या विषयावर प्रश्न नकोत’ असे आधीच कळवलेले असणे, ही या व्यवसायातली नेहमीची पद्धत आहे. पंधरा मिनिटांत पत्रकाराला एखादे चटकदार वाक्य हवे असते. कलावंताकडे ते तयार असते. दोघांचेही काम होते.

एकाच गोष्टीची तीन रूपे

तयार वाक्याचे पुढे काय होते, याचा नमुना म्हणजे कीथ रिचर्ड्स आणि राखेची गोष्ट. २००७ मध्ये ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाला मुलाखत देताना त्यांनी सांगितले, की वडिलांच्या अस्थींची राख आपण अमली पदार्थात मिसळून नाकाने ओढली. जगभर मथळे झाले. लगेच त्यांच्या बाजूने खुलासा आला, की तो विनोद होता. तीन वर्षांनी, २०१० मध्ये, ‘लाइफ’ हे त्यांचे आत्मचरित्र आले. त्यात तिसरीच हकिगत होती. डबा उघडताना थोडी राख उडाली, ती बोटाने पुसून घेतली आणि ओढली. बाकीची राख एका ओकच्या झाडाभोवती टाकली.

या तिन्हींत खरे कोणते, हे वाचकाला कधीच कळणार नाही. पण प्रत्येक वेळी कोणती प्रतिमा पुढे आली, हे मात्र कळते. पहिल्यात कशालाही न घाबरणारा बंडखोर, दुसऱ्यात गंमत करणारा म्हातारा, तिसऱ्यात वडिलांवर माया करणारा मुलगा. माणूस तोच, प्रसंग तोच. बदलले ते निमित्त. मुलाखतीत खरे-खोटे शोधण्याआधी निमित्त शोधावे, ते यासाठी.

प्रतिमेवर ताबा कसा ठेवला जातो?

पहिला मार्ग म्हणजे छापण्याआधी मजकूर पाहणे. ‘रोलिंग स्टोन’ या प्रसिद्ध अमेरिकी नियतकालिकाचे सहसंस्थापक यान वेनर यांनी २०२३ मध्ये ‘द मास्टर्स’ हे पुस्तक काढले. त्यात जॅगर, बॉब डिलन, जॉन लेनन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यासह सात रॉकस्टारच्या मुलाखती आहेत. सातही गोरे पुरुष. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत का नाहीत, या प्रश्नाला वेनर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मुलाखतीत दिलेले उत्तर इतके वाईट होते, की दुसऱ्याच दिवशी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्यांना काढण्यात आले. या गदारोळात दुसरा मुद्दा मागे पडला. मुलाखत देणाऱ्यांना मजकुरात हात घालू दिल्याचा विषय त्याच संभाषणात निघाला होता आणि वेनर यांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. विश्वास मिळवायचा तर एवढे द्यावे लागते, असा त्यांचा सूर होता. म्हणजे ज्या मुलाखती रॉक पत्रकारितेतला मापदंड मानल्या गेल्या, त्यांतही ताब्याचा वाटा होता.

दुसरा मार्ग, प्रश्नकर्ता घरचाच ठेवणे. बॉब डिलन यांच्यावरचा २००५ चा ‘नो डिरेक्शन होम’ हा माहितीपट मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या नावाने ओळखला जातो. पण त्यात डिलन ज्या प्रश्नांना उत्तरे देतात, ते विचारले होते त्यांचेच व्यवस्थापक जेफ रोझेन यांनी. त्याच जोडगोळीच्या २०१९ च्या ‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ या माहितीपटात तर काही काल्पनिक पात्रेच खरी माणसे म्हणून बोलताना दिसतात. डिलन यांचे हे जुनेच आहे. तरुणपणी ते स्वतःच्या भूतकाळाबद्दल रचलेल्या गोष्टी सांगत. ‘न्यूजवीक’ने १९६३ मध्ये त्यांचे मूळ नाव आणि मध्यमवर्गीय घर वाचकांसमोर ठेवले, तेव्हा ते भडकले होते.

तिसरा मार्ग, गोष्टच विकत घेण्यासारखी करणे. ‘क्वीन’ या बँडवरचा ‘बोहेमियन रॅप्सडी’ (२०१८) हा चित्रपट बँडमधल्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या सहभागाने झाला. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी त्यात १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीआधीच सोबत्यांना आजाराबद्दल सांगतो. चरित्रकार हे निदान त्यानंतरचे, १९८७ च्या सुमाराचे मानतात. पडद्यावर प्रसंग रंगला, आणि कोट्यवधी लोकांच्या मनात इतिहास म्हणून तोच बसला. फ्रेडीला विचारण्याची सोय नव्हतीच.

वय वाढले की ताबा का वाढतो?

याची कारणे साधी आहेत. एक, साक्षीदार कमी होतात. साठच्या दशकातल्या खोलीत पाच जण असतील आणि आज दोनच हयात असतील, तर त्या दोघांचे म्हणणे हाच इतिहास होतो.

दोन, आठवण ही पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. आपण प्रत्येक वेळी सांगताना ती नव्याने जुळवतो. पन्नास वर्षे एकच किस्सा शंभर ठिकाणी सांगितला, की सांगणाऱ्यालाही प्रसंग आठवत नाही, किस्सा आठवतो. घरातल्या आजोबांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दर दिवाळीला त्या थोड्या वाढतात. यात लबाडी असतेच असे नाही.

तीन, रॉक संगीताची अडचण. चित्रपटातला नट ‘मी अभिनय करतो’ असे उघड सांगतो. रॉक गायकाने मात्र पहिल्या दिवसापासून ‘मी जसा आहे तसाच गातो’ हे सांगून नाव मिळवलेले असते. खरेपणा हाच त्याचा माल. मग ऐंशीव्या वर्षी विशीतली बेफिकिरीही दाखवावी लागते, आणि आजार, पश्चात्ताप, नातवंडे हेही थोडे थोडे पुढे करावे लागते. बेफिकिरी जास्त झाली तर हास्यास्पद, कबुली जास्त झाली तर तिकिटे विकली जात नाहीत. या तारेवरच्या कसरतीला आपण मुलाखत म्हणतो.

म्हणजे सगळे खोटेच?

नाही. ताबा ठेवणे म्हणजे फसवणे, असे सरसकट म्हणता येणार नाही. जॉन लेनन यांनी डिसेंबर १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ला दिलेली मुलाखत रॉकच्या इतिहासातली सर्वांत मोकळी मानली जाते. ‘बीटल्स’ नुकतेच फुटले होते आणि लेनन सगळ्यांवर तुटून पडले होते. ही मुलाखत पुढे पुस्तकरूपाने आली ती लेनन यांच्या इच्छेविरुद्ध. रागाच्या भरात बोललेले शब्द खरे होते, की राग ओसरल्यावरचा माणूस खरा होता? संयम सुटला म्हणजे खरेपणा आला, हे समीकरण सोपे आहे, पण बरोबर नाही.

फ्रेडी मर्क्युरी यांनी एड्स झाल्याचे २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्याआधीची काही वर्षे ते आजाराबद्दल बोलले नाहीत. याला प्रतिमेवरचा ताबा म्हणायचे, की आजारी माणसाचा हक्क?

आपल्याकडे याची उलटी बाजू दिसते. कोल्हापूरचे अभिनेते गणपत पाटील यांनी तमाशापटांत ‘नाच्या’ इतक्या ताकदीने उभा केला, की लोकांनी भूमिकेलाच माणूस मानले. त्याचा त्रास त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला सोसावा लागला. ज्याच्या हाती स्वतःची प्रतिमा नसते, त्याचे काय होते हे त्यांच्याकडे पाहून कळते.

मराठीत काय घडले?

रॉकस्टार हा शब्द आपला नाही. पण हजारोंचा जमाव रात्रभर जागवणारे, ज्यांच्या खासगी आयुष्याच्या चर्चा गावोगाव होत, असे कलावंत आपल्याकडे तमाशाच्या फडात आणि तमाशापटांत होते.

हंसा वाडकर हे त्यातले मोठे नाव. १९५९ मध्ये आलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. पुढे हंसाबाईंनी आपली कहाणी पत्रकार अरुण साधू यांना सांगितली. ती आधी ‘माणूस’मध्ये आली आणि १९७० मध्ये पुस्तक झाली. नावही चित्रपटाचेच. व्यसन, फसलेला संसार, घर सोडून मराठवाड्यातल्या एका खेड्यात अडकून काढलेला काळ, हे सगळे त्यांनी सांगितले. १९७१ मध्ये त्या गेल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर बेतलेला ‘भूमिका’ काढला.

आजच्या प्रसिद्धी मुलाखतीशी हे ताडून पाहावे. हंसाबाईंकडे विकायला नवा चित्रपट नव्हता, उतारवयात सांभाळायचे साम्राज्य नव्हते. गमवायचे होते ते नाव. पण इथेही एक गोष्ट विसरू नये. शब्दांकन दुसऱ्याचे होते. सांगणारी बाई आणि वाचणारे आपण यांच्यामध्ये एक लेखक आहे. दादा कोंडके यांचे ‘एकटा जीव’ही अनिता पाध्ये यांच्या शब्दांकनातून आले. चांगला शब्दांकनकार स्वतः दिसत नाही, म्हणून तो नसतोच असे नव्हे. फरक एवढा, की या पुस्तकांवर त्याचे नाव छापलेले आहे. वाचकाला सौदा माहीत आहे.

विठाबाई नारायणगावकर यांचे मात्र वेगळे झाले. राष्ट्रपती पुरस्काराने दोनदा गौरवलेली ही तमाशासम्राज्ञी. आयुष्याच्या अखेरीला त्यांच्या वाट्याला हलाखी आली. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या आणि नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्याबद्दल आज सर्वाधिक काय सांगितले जाते? ऐन कार्यक्रमात बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याचा प्रसंग. तो थरारक आहेच. पण त्यांचा आवाज, अदाकारी, फड चालवण्याची हिकमत, कर्जाचे गणित याबद्दल किती जण सांगू शकतील? एका प्रसंगाने सगळी बाई झाकून टाकली. ही प्रतिमा त्यांनी नव्हे, सांगणाऱ्यांनी पक्की केली.

मुंबई दूरदर्शनवर एकेकाळी मुलाखतींचा एक कार्यक्रम होता, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’. त्या नावात हा सगळा विषय आला आहे. प्रतिभा कलावंताची असते. प्रतिमा मात्र ज्याच्या हाती माइक, त्याची.

परभणीचा संबंध काय?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण थाटात म्हणतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हेही आपल्याबद्दलच म्हटले जाते. प्रतिमा कशी चिकटते, हे परभणीकरांइतके कोणाला कळणार?

या जिल्ह्याने गोंधळमहर्षी राजाराम कदम यांच्यासारखा कलावंत दिला. संबळ, तुणतुणे आणि दिवटीच्या उजेडात रात्रभर आख्यान लावणारी ही कला देवीच्या अंगणातून मोठ्या रंगमंचावर नेण्यात त्यांच्यासारख्यांचा वाटा मोठा. पण प्रत्येकाच्या नशिबी असे नाव नसते. गंगाखेड, पालम, जिंतूर, सोनपेठकडच्या गावांत गोंधळी, वासुदेव, भारुडकार, शाहीर, तमाशातले सोंगाडे आणि ढोलकीवाले आहेत, ज्यांची आयुष्यात एखाददुसरीच मुलाखत झाली असेल. ती परभणी आकाशवाणीवर किंवा एखाद्या वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर.

त्या एका मुलाखतीची किंमत काय? राज्य शासनाची ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना’ आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आणि किमान १५ वर्षे कलेत घालवलेल्या, उत्पन्न तुटपुंजे असलेल्या कलावंतांना तिच्यातून मानधन मिळते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा वर्गवारीनुसार रक्कम वेगवेगळी होती. २०२४ पासून ती सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली. निवड जिल्ह्याची समिती करते, आणि कलेची सेवा केल्याचा पुरावा द्यावा लागतो. आयुष्यभर देवीपुढे किंवा जत्रेत वाजवलेल्या माणसाकडे कागद कुठून असणार? असते ते एखादे प्रमाणपत्र, एखादा फोटो, आणि वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण.

लंडनच्या रॉकस्टारसाठी मुलाखत म्हणजे प्रतिमा. इथे ती पुरावा होते. त्या कात्रणात नाव चुकले, संबळवादकाला ढोलकीवादक लिहिले, किंवा बातमीच्या पाच ओळी सत्कार करणाऱ्या पुढाऱ्यावर आणि अर्धी ओळ कलावंतावर खर्च झाली, तर नुकसान कोणाचे होते हे सांगायला नको. रॉकस्टारकडे मजकूर तपासणारी फौज असते. या म्हाताऱ्या माणसाला आपल्याबद्दल काय छापून आले, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.

वर्तमानपत्रांनी काय करावे?

छापण्याआधी मजकूर दाखवावा की नाही, या प्रश्नाला पत्रकारितेत सहसा एकच उत्तर दिले जाते, दाखवू नये. आमच्या मते उत्तर माणूस पाहून बदलायला हवे.

ज्याच्याकडे पैसा, वकील आणि प्रसिद्धी यंत्रणा आहे, त्याला मजकूर कापू देणे म्हणजे वाचकाशी अप्रामाणिकपणा. तसे करावेच लागले, तर ते छापावे. प्रश्न आधी पाठवले होते, उत्तरे ईमेलवर आली, अमुक विषय वगळण्याची अट होती, अशी एक ओळ मुलाखतीखाली द्यायला जागा लागत नाही. चित्रपट, संगीत, राजकारण सगळीकडे हे लागू करता येईल. ही सूचना इतरांना करताना आम्ही स्वतःला वगळत नाही. नटनट्यांच्या, गायकांच्या प्रसिद्धी मुलाखती मराठी वर्तमानपत्रेही छापतात, आणि अटींची ओळ त्यांखाली क्वचितच असते.

ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला मात्र मजकूर वाचून दाखवावा. ‘काका, हे असे लिहिले आहे, बरोबर आहे ना?’ एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. नाव, गाव, वाद्य, गुरू, फडाचे नाव, वर्षे यांत चूक नको. गरिबीचा फोटो छापायचा तर त्याची परवानगी हवी. काम पहिल्या ओळीत हवे, हलाखी नंतर. एकच कृती एकीकडे चूक आणि दुसरीकडे कर्तव्य ठरते, कारण दोन्हीकडची ताकद सारखी नाही.

वाचकाने काय पाहावे?

मोबाइलवर एखादी मुलाखत समोर आली, की चार प्रश्न पुरतात. ही आत्ताच का आली? प्रश्न कोण विचारते आहे, आणि त्याचे पोट कशावर आहे? काय विचारलेच नाही? आणि या हकिगतीतला दुसरा माणूस उत्तर द्यायला हयात आहे का? रील पाहत असाल, तर पाचवा प्रश्न : हा तुकडा कोणी कापला?

उत्तरे अडचणीची निघाली, म्हणून मुलाखत टाकून द्यायची गरज नाही. जॅगर ऐंशीव्या वर्षी स्वतःबद्दल काय सांगू पाहतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. ते प्रसिद्धीपत्रक म्हणून वाचावे, जबानी म्हणून नव्हे.

आणि एक काम मोबाइल हाती असलेल्या प्रत्येकाला करता येईल. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या गोंधळ्याची, शाहिराची, सोंगाड्याची तासभराची मुलाखत फोनवर ध्वनिमुद्रित करावी. मध्ये बोलू नये, कापू नये, मागे संगीत लावू नये. तारीख, गाव आणि नाव सुरुवातीलाच त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. शेवटी ती त्यांना ऐकवावी आणि एक प्रत त्यांच्या घरच्यांकडे ठेवावी. मानधनाच्या अर्जाला ती किती उपयोगी पडेल हे समितीवर अवलंबून. पण त्या माणसाबद्दल पुढे कोणी काही सांगू लागले, तर त्याचे स्वतःचे शब्द कुठेतरी शाबूत असतील. जगातल्या बहुतेक कलावंतांना एवढाही ताबा मिळालेला नाही.